दार नेमके कोठे? : एका काल्पनिक यानाविषयीचा वाद
(द्वितीय वर्ष, कला)

जे यान कधी आकाशात उडालेच नाही, त्याच्या लिफ्टचे दार कोठे होते यावर माणसे वर्षानुवर्षे वाद घालतात, असे सांगितले तर आपण हसाल. मीही प्रथम हसलो. पण वाद समजून घेताना हसू मावळले आणि त्यातली अभ्यासाची पद्धत दिसू लागली. तिचा परिचय करून देण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

'स्टार ट्रेक' ही मालिका अमेरिकन दूरचित्रवाणीवर ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली आणि ७९ भागांनंतर १९६९ मध्ये थांबली. जीन रॉडनबेरी हे तिचे जनक. तिच्यातील 'एंटरप्राइझ' यानाची रचना मॅट जेफरीज यांनी केली. दुसऱ्या महायुद्धात ते बॉम्बफेकी विमानांतून उडालेले होते.

या यानाचा पुढचा भाग मोठ्या थाळीसारखा आहे. थाळीच्या माथ्यावरील घुमटात नियंत्रणकक्ष आणि घुमटाच्या बरोबर मागे, मध्यरेषेवर, एक छोटा गोल उंचवटा. हीच लिफ्टची जागा, असे रसिकांनी मानले. पण आतल्या दृश्यांत लिफ्टचे दार कर्णधाराच्या पाठीशी सरळ रेषेत नाही, मागे डावीकडे आहे. गोल कक्षाचे दहा भाग धरले तर ते एका भागाने, म्हणजे ३६ अंशांनी सरकलेले दिसते. मग खरे कोणते, आतले की बाहेरचे?

याला तीन उत्तरे मिळतात. विमान उद्योगात आराखडे काढणारे फ्रान्झ जोसेफ यांनी १९७५ मध्ये यानाचे नकाशे प्रसिद्ध केले. त्यांनी बाहेरचा उंचवटा प्रमाण मानला आणि सारा कक्षच ३६ अंशांनी डावीकडे फिरवला. यावर आक्षेप असा की, मग कर्णधार तिरपा बसून यान चालवतो काय? दुसरा पक्ष म्हणतो, मालिकेतील लिफ्ट आडवीही धावते. तेव्हा दार आणि उंचवटा एका रेषेत असलेच पाहिजेत असे नाही. तिसरा पक्ष म्हणतो, हा तर चित्रीकरणासाठी उभारलेला देखावा! दार बरोबर पाठीशी असते, तर आत येणारा माणूस कर्णधाराच्या आड झाकला गेला असता.

मला महत्त्वाचे वाटते ते हे की, 'मला असे वाटते' एवढ्यावर येथे कोणी थांबत नाही. पुरावा कोणता, आणि दोन पुरावे भांडले तर वरचढ कोणता मानायचा, हे सांगावे लागते. वर्गात आपण याहून वेगळे काय शिकतो?

अशा बारकाव्यांचा उपयोगही झाला. चित्रीकरणात वापरलेली, लाकूड, प्लॅस्टिक व पत्रा यांची सुमारे ११ फुटी प्रतिकृती १९७४ मध्ये स्मिथसोनियन संस्थेकडे आली. पुढे तिची डागडुजी करताना, १९७६ पूर्वी तिची छायाचित्रे काढली असल्यास ती द्यावीत, असे आवाहन संग्रहालयाने सर्वसामान्य रसिकांना केले. दुरुस्त झालेली प्रतिकृती २०१६ मध्ये पुन्हा प्रदर्शनात मांडली गेली. तज्ज्ञांनी पदवी न विचारता पुरावा मागितला!

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. वडील सुतारकाम करतात. वर्गात शंका विचारायला माझी जीभ अजून रेटत नाही. आपला प्रश्न अडाणीपणाचा ठरेल अशी भीती वाटते. एके रात्री हा वाद मी वडिलांना सांगितला. ऐकून ते एवढेच म्हणाले, "आतलं माप अन् बाहेरचं माप जुळत नाही म्हणतोस? मग पहिलं माप कुणी घेतलं, ते विचार की."

सातवी शिकलेल्या माझ्या वडिलांनी वादाच्या मुळाशी बोट ठेवले होते. प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. नीट पाहावे मात्र लागते. येत्या सत्रात निदान एक शंका उभे राहून विचारायची, असे मी ठरवले आहे. प्राध्यापक महाशयांनी सांभाळून घ्यावे, ही विनंती.