दोन कनेक्शनांना एक फ्लोट स्विच नको



वाटण्या झाल्या तरी शेततळे पुष्कळदा भाऊबंदांचे सामाईक राहते. दोन विहिरी, दोन मोटारी, दोन मीटर; पाणी मात्र एकाच तळ्यात. तळे भरले की दोन्ही मोटारी आपोआप बंद व्हाव्यात म्हणून एकच फ्लोट स्विच बसवून दोन्ही स्टार्टरच्या वायरी त्यालाच जोडल्या जातात. चार पैसे वाचतात खरे, पण ही जोडणी जिवावर बेतू शकते. कशी, ते पाहू.

स्टार्टरमध्ये कॉइल असते. तिला वीज मिळते तोवर मोटार चालते. वीज तुटली की मोटार बंद. पाणी वर आले की कॉइलची वीज तोडायची, एवढेच फ्लोटचे काम. पण थ्री फेज स्टार्टरमध्ये ही वीज बहुधा दोन फेजमधली, म्हणजे सुमारे 415 व्होल्टची असते.

दोघांच्या वायरी एकाच स्विचला आल्या की दोन स्वतंत्र कनेक्शने तिथे एकमेकांस जोडली जातात. मग असे घडते :

1. थोरल्याने आपला मेन स्विच पाडला, तरी धाकट्याची वीज फ्लोटच्या वायरीतून थोरल्याच्या स्टार्टरात येते. "मेन बंद आहे" म्हणून झाकण उघडून हात घातला, की घात झालाच.

2. दोघांच्या वेगवेगळ्या फेज तिथे एकत्र आल्या तर सरळ शॉर्ट होतो. फ्यूज उडतो, वायर जळते.

3. काही जोडण्यांत फ्लोट उघडल्यावरही दोन्ही कॉइल एकमेकींतून अर्धवट वीज घेतात, घूं घूं करतात आणि तापून जळतात.

उपाय काय? सर्वांत सोपा म्हणजे ज्याचा त्याचा वेगळा फ्लोट. एकच ठेवायचा असेल तर तो 24 व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर चालवावा व त्याने फक्त एक रिले चालवावा. रिलेचे दोन संपर्क एकमेकांपासून पूर्ण अलग असावेत; एक थोरल्याच्या स्टार्टरला, दुसरा धाकट्याच्या. 250 व्होल्टचा लहान रिले 415 व्होल्टच्या कॉइलला चालत नाही, हे वायरमनला बजावून सांगा.

रिले बसवला तरी त्या पेटीत दोन ठिकाणची वीज येतेच. म्हणून पेटीवर ठळक लिहा : "दोन्ही मेन बंद केल्याशिवाय उघडू नये." उघडल्यावरही आधी टेस्टर चालू लाइनवर तपासून घ्या, मग प्रत्येक वायरीला लावून पाहा.

तळे सामाईक असू द्या, पाणी सामाईक असू द्या. वायर मात्र ज्याची त्याची वेगळीच ठेवा.