अद्ययावतीकरणानंतर वायफाय बंद पडते तेव्हा
(लिनक्स वापरणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक पाठ)



शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा अर्ज, प्रवेशाची यादी, नोकरीची जाहिरात, यांपैकी एकही गोष्ट आज संगणक व इंटरनेटवाचून पुरी होत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीला मिळणारा नेहमीचा मोफत आधार थांबला. नवी विंडोज पेलण्याची ताकद जुन्या लॅपटॉपमध्ये नाही आणि नवा लॅपटॉप घेण्याची ऐपत सर्वांची नाही. म्हणून अनेक घरांत जुन्याच यंत्रावर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली आली आहे. ही गोष्ट स्वागतार्ह होय.

परंतु एक तक्रार आमच्या कानी वारंवार येते. ‘काल रात्री अपडेट केले आणि आज सकाळी वायफाय गेले.’ मग कोणी म्हणतो कार्ड जळाले, कोणी म्हणतो सगळे पुसून प्रणाली नव्याने टाका. पहिल्या सल्ल्यात पैसा जातो, दुसऱ्यात वर्षभराच्या टिपणे-नोंदी जातात. बहुतेक वेळा या दोहोंची गरज नसते. दोष कोठे आहे ते क्रमाने कसे शोधावे, एवढेच प्रस्तुत लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे. उदाहरणादाखल आम्ही उबुंटू ही प्रचलित लिनक्स प्रणाली घेतली आहे. आज्ञा येथे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलच्या खिडकीत त्या रोमन लहान लिपीत लिहाव्यात.

अपडेटमध्ये नेमके काय बदलते?

लिनक्सच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये त्याची सुरुवात केली. यंत्राचा प्रत्येक भाग कर्नलच्या हुकमतीखाली चालतो. वायफाय चालण्यास तीन गोष्टी लागतात. पहिली, प्रत्यक्ष कार्ड. दुसरी, ड्रायव्हर, म्हणजे कर्नलला त्या कार्डाची भाषा शिकवणारा भाग. तिसरी, फर्मवेअर, म्हणजे खुद्द कार्डाच्या आत चढवली जाणारी छोटी फाइल.

यांतील कार्डाला अपडेट सहसा हात लावत नाही. बदलतो तो कर्नल, आणि येथेच मेख आहे. ड्रायव्हर ज्या कर्नलसाठी बांधला असेल त्याच कर्नलशी तो जुळतो. इंटेल किंवा अथेरॉस यांच्या बहुतेक कार्डांचे ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात, म्हणून ते आपोआप बदलतात. परंतु काही ब्रॉडकॉम व रिअलटेक कार्डांचे ड्रायव्हर बाहेरून आणावे लागतात. नवा कर्नल आला की ते त्याच्यासाठी पुन्हा बांधावे लागतात. हे काम डीकेएमएस नावाची व्यवस्था करते. तिचे काम अडले की वायफाय गेलेच म्हणून समजा.

शोध घेण्यापूर्वी तीन कामे

१) घरातील मोबाइल त्याच वायफायला जोडून पाहावा. तोही चालत नसेल तर दोष राउटरचा वा कंपनीच्या लाइनचा आहे, लिनक्सचा नाही.

२) मोबाइलचा डेटा सुरू करून तो यूएसबी वायरने लॅपटॉपला जोडावा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेथरिंग’ चालू करावे. वायफाय बंद असले तरी यामुळे लॅपटॉपला इंटरनेट मिळते. ज्याच्या अर्जाची आज शेवटची तारीख आहे त्याने आधी अर्ज भरून घ्यावा, दुरुस्ती उद्या करावी.

३) वही-पेन जवळ घ्यावे. बँकेत दिवसअखेर हिशोबाचा मेळ बसला नाही तर कोणी सगळे खातेपुस्तक फाडून नव्याने लिहीत नाही. एकेक व्हाउचर तपासत जातात. येथेही तोच नियम लागू आहे. एका वेळी एकच बदल करावा, तो लिहून ठेवावा आणि मग परिणाम पाहावा.

पायरी पहिली : जुन्या कर्नलने सुरुवात करून पाहा

अनेकांना हे ठाऊक नसते की नवा कर्नल आल्यावर उबुंटू आधीचा कर्नल लगेच पुसत नाही. लॅपटॉप सुरू होताना एस्केप कळ दाबावी, जुन्या पद्धतीच्या यंत्रात शिफ्ट कळ धरून ठेवावी. जी यादी येईल तीत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबुंटू’ निवडावे आणि आधीच्या क्रमांकाचा कर्नल घ्यावा.

या एका प्रयोगाने निम्मा निकाल लागतो. जुन्या कर्नलवर वायफाय चालले, तर कार्ड ठणठणीत आहे हे सिद्ध झाले. ‘कार्ड जळाले’ म्हणणाऱ्याला पैसे देण्याचे कारण उरले नाही. दोष नव्या कर्नलच्या आणि ड्रायव्हरच्या जुळणीत आहे. तोवर जुन्या कर्नलवर काम चालू ठेवता येते. आपण कोणत्या कर्नलवर आहोत हे ‘यूनेम’ या आज्ञेपुढे जागा सोडून उणे चिन्ह व आर हे अक्षर लिहिले की कळते. तो क्रमांक वहीत टिपावा.

पायरी दुसरी : वायफाय बंद तर केलेले नाही?

‘आरएफकिल लिस्ट’ अशी आज्ञा द्यावी. उत्तरात ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ आणि ‘हार्ड ब्लॉक्ड’ असे दोन शब्द दिसतील. सॉफ्टपुढे ‘येस’ असेल तर प्रणालीने वायफाय बंद ठेवले आहे. ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ या आज्ञेने ते उघडते. हार्डपुढे ‘येस’ असेल तर लॅपटॉपच्या कडेचे बटण किंवा विमानाचे चित्र असलेली कळ तपासावी. तेथे आज्ञेचा उपयोग होत नाही.

पायरी तिसरी : कार्ड दिसते का आणि त्याला ड्रायव्हर आहे का?

‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा, तिच्यापुढे जागा, मग उणे चिन्ह व लगोलग एन, एन, के ही तीन अक्षरे लिहावीत. मोठी यादी येईल. तीत ‘नेटवर्क कंट्रोलर’ असे लिहिलेली ओळ शोधावी. कार्डाचे नाव व क्रमांक तेथे असतो, तो वहीत उतरवावा. बाहेरून लावलेल्या यूएसबी कार्डासाठी ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा वापरावी.

आता त्या नावाखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ आहे का ते पाहावे. येथून तीन वाटा फुटतात.

(अ) कार्डच दिसत नाही. लॅपटॉप रीस्टार्ट न करता पूर्ण बंद करावा, चार्जर काढावा, थोड्या वेळाने सुरू करावा. त्याच यंत्रावर विंडोजही असेल तर तिच्यातील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे, कारण त्यामुळे कार्ड कधी कधी अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहते. एवढे करूनही, आणि जुन्या कर्नलवरही, कार्ड दिसले नाही तरच ते उघडून तपासण्याचा विचार करावा.

(आ) कार्ड दिसते, पण ड्रायव्हरची ओळ नाही. हाच प्रकार अपडेटनंतर विशेष आढळतो. त्याचा विचार चौथ्या पायरीत करू.

(इ) कार्ड दिसते, ड्रायव्हरही आहे, तरी वायफाय नाही. अशा वेळी ‘सुडो डीमेसेज’ ही आज्ञा द्यावी (‘डीमेसेज’ हा शब्द डी, एम, ई, एस, जी या पाच अक्षरांनी लिहावा). कर्नलने सुरुवातीपासून केलेल्या नोंदी दिसतील. ड्रायव्हरच्या नावापुढे फर्मवेअर चढवता आले नाही अशा अर्थाची नोंद असेल तर टेथरिंगवरून ‘लिनक्स-फर्मवेअर’ हे पॅकेज अद्ययावत करून यंत्र पुन्हा सुरू करावे.

पायरी चौथी : बाहेरून आणलेला ड्रायव्हर

ब्रॉडकॉमचे उदाहरण घेऊ. जुन्या लॅपटॉपमध्ये ही कार्डे पुष्कळ असतात. त्यांपैकी अनेकांना कंपनीचा ‘एसटीए’ नावाचा ड्रायव्हर लागतो. कंपनीने त्यात लक्ष घालणे कित्येक वर्षांपूर्वी थांबवले. नव्या कर्नलशी तो जुळवून घेण्याचे काम प्रणालीचे सांभाळकर्तेच करतात.

‘डीकेएमएस स्टेटस’ ही आज्ञा दिल्यास हा ड्रायव्हर कोणकोणत्या कर्नलसाठी बांधला आहे ते दिसते. यादीत जुन्या कर्नलचा क्रमांक आहे आणि नव्याचा नाही, असे दिसले तर रोगाचे निदान झाले. त्याची कारणे मुख्यतः तीन.

एक, नव्या कर्नलच्या ‘हेडर्स’ नावाच्या फाइली यंत्रावर नाहीत. त्यांच्यावाचून ड्रायव्हर बांधताच येत नाही. टेथरिंग चालू करून नव्या कर्नलच्या क्रमांकाचे ‘लिनक्स-हेडर्स’ पॅकेज घालावे. ते घातल्यावर डीकेएमएस पुढचे काम सहसा स्वतःच करते.

दोन, ड्रायव्हर जुना आणि कर्नल फारच नवा, म्हणून बांधणी मध्येच फसते. येथे धीर धरावा. जुन्या कर्नलवर काम चालवावे आणि ड्रायव्हरच्या पॅकेजची सुधारित आवृत्ती येईपर्यंत थांबावे.

तीन, ड्रायव्हर बांधला गेला आहे, यादीतही आहे, पण कर्नल त्याला आत घेत नाही. ‘की वॉज रिजेक्टेड’ अशी सूचना मिळते. याचे कारण ‘सिक्युअर बूट’ ही सुरक्षाव्यवस्था. ओळखीची सही नसलेला ड्रायव्हर ती अडवते. ड्रायव्हर घालताना उबुंटू एक पासवर्ड ठरवायला सांगते आणि पुढच्या सुरुवातीला निळा पडदा येतो. घाईत तेथे ‘कंटिन्यू बूट’ दाबले की सही नोंदवायची राहून जाते. त्या पडद्यावर ‘एनरोल मॉक’ निवडून तोच पासवर्ड द्यावा.

वायफाय जोडलेले, पण काम होत नाही

काही वेळा जोडणी होते पण पाने उघडत नाहीत. तेव्हा ‘पिंग’ लिहून पुढे ८.८.८.८ हा अंक द्यावा. उत्तर येत असेल तर लाइन ठीक आहे, बहुधा नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस ही व्यवस्था अडली आहे. राउटर व जोडणी बंद करून पुन्हा सुरू केल्यास बरेचदा काम भागते.

घरी वायफाय चालते, पण महाविद्यालयात नाव व पासवर्ड देऊनही जोडत नाही, असाही अनुभव येतो. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या उबुंटू २२.०४ मध्ये ओपनएसएसएल या सुरक्षा-संचाची तिसरी मोठी आवृत्ती आली. जुन्या, कमकुवत पद्धतीच्या सर्व्हरशी बोलण्यास ती नकार देते. त्यामुळे अनेक संस्थांच्या नेटवर्कशी जोडणी अडली. येथे दोष विद्यार्थ्याच्या लॅपटॉपचा नव्हे. कार्ड व ड्रायव्हर ठीक असतील तर ही गोष्ट महाविद्यालयाच्या संगणक विभागाच्या नजरेस नम्रपणे आणून द्यावी.

पुढे असे होऊ नये म्हणून

परीक्षेच्या किंवा अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री मोठे अपडेट करू नये. मात्र अपडेट कायमचे बंदही ठेवू नये, कारण सुरक्षेतील छिद्रे त्यानेच बुजतात. चालू कर्नलआधीचा एक कर्नल यंत्रावर असू द्यावा. महत्त्वाच्या कागदपत्रांची प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी. डेटा वाहून नेणारी एक चांगली यूएसबी वायर दप्तरात असावी, कारण काही स्वस्त वायरी फक्त चार्जिंगच करतात.

कोणाकडे मदत मागायची झाल्यास ‘माझे वायफाय चालत नाही’ एवढेच सांगू नये. कर्नलचा क्रमांक, कार्डाचे नाव, ड्रायव्हरची ओळ आणि मिळालेली सूचना या चार नोंदी पुढे ठेवाव्यात. जाणकार माणूस त्यावरून लवकर वाट दाखवू शकतो. ज्यांना लिनक्स मुळापासून शिकायचे आहे त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठी पाठ विनामूल्य उपलब्ध आहेत.

विद्यार्थी मित्रहो, दुकानदार जे सांगेल ते मुकाट्याने मान्य करणे आणि स्वतः चार पायऱ्या तपासून मग प्रश्न विचारणे, यांत फार मोठा फरक आहे. पहिल्यात आपण गिऱ्हाईक असतो, दुसऱ्यात जाणकार होतो. एकाने शिकावे आणि शेजारच्या दोघांना शिकवावे, म्हणजे केवळ वायफाय बंद पडले म्हणून कोणाचा अर्ज राहणार नाही, अशी अपेक्षा व्यक्त करून आम्ही येथेच थांबतो.