डिस्क ब्रेक सुटत का नाही?

तोरणमाळचा घाट उतरताना आमच्या जुन्या मोटारसायकलचा पुढचा ब्रेक सोडला तरी सुटेना. मागे बालवाडीची ताई बसलेली. उतरून पाहिले तर डिस्क हात लावता येणार नाही इतकी तापलेली. पॅड तर नुकतेच बदलले होते!

दोष कॅलिपरमध्ये होता. लिव्हर दाबला की ऑईल पिस्टनला ढकलते आणि रबरी सील थोडे पिळले जाते. लिव्हर सोडला की सरळ होताना तेच सील पिस्टनला मागे ओढते. वेगळी स्प्रिंग तिथे नसतेच. सीलच्या खाचेत खर साचली की ते पिस्टनला आवळून धरते.

म्हणून पॅड काढून, नळी जोडलेली असतानाच लिव्हर मारत पिस्टन बाहेर आणावा. पकडीने ओढल्यास चरे पडतात. खाच लाकडी काडीने साफ करावी. गंजलेला पिस्टन बदलावाच. नवे सील ताज्या ब्रेक ऑईलमध्येच भिजवून बसवावे. पेट्रोल किंवा साधे ग्रीस लागले की रबर फुगते (आमच्या आधीच्या मिस्त्रीने नेमके तेच केले होते). फार दिवस उघडा राहिलेला ऑईलचा डबा वापरू नये: हे ऑईल हवेतली ओल शोषते, उतारावर तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि लिव्हर पोकळ जातो. हवा काढून लिव्हर कडक लागेपर्यंत गाडी अंगणाबाहेर नेऊ नये.