अधोदिशा आणि उसाचा फड

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी तरुण सिगालाला सहा दिशांचा नवा अर्थ सांगितला. सेवक आणि कामगार ही अधोदिशा. त्यांना शक्तीनुसार काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे, वेळेवर सुट्टी द्यावी, अशी मालकाची पाच कर्तव्ये तेथे सांगितली आहेत.

हे सुत्त रहिमतपूरच्या परिसरात गळीत हंगामात वाचावे. कारखान्याला ऊस घालणाऱ्या शेतकऱ्यास १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा आधार आहे. चौदा दिवसांत पैसे न दिल्यास थकबाकीवर वार्षिक १५ टक्के व्याज द्यावे लागते. त्यासाठीही आंदोलने करावी लागतात, हे खरे. तरी दाद कोणाविरुद्ध मागायची, हे त्याला ठाऊक असते.

तोच ऊस तोडणारा मात्र कारखान्याच्या हजेरीपटावर सहसा नसतोच. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी, आणि मुकादम उचल देतो ती 'कोयत्या'ला. बीडसारख्या जिल्ह्यांतून आलेले नवरा-बायको मिळून एक कोयता! दोन माणसांची गणती एका हत्याराच्या नावाने होते, येथे शिक्षकाने वर्गात थोडे थांबावे. बीडमधील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, शासनाला समिती नेमावी लागली. आजारपणाच्या खाड्यालाही दंड होतो, असे त्या स्त्रियांनी सांगितले होते. हा दंड मुकादम कापतो, आणि कारखाना म्हणतो, ते आमचे कामगार नव्हेत. सुत्तातील तिसरे कर्तव्य मग कोणाचे?