सही करण्यापूर्वी विचारा

"डॉक्टरसाहेब, मोठ्या दवाखान्यात नव्या औषधासाठी आईची सही मागतात. तिच्यावर प्रयोग करणार का हो?" स्तनाचा कर्करोग असलेल्या एका बाईंच्या मुलाने मला परवा विचारले. त्याची भीती स्वाभाविक होती. परंतु लोकांनी स्वतःहून भाग घेतल्याशिवाय कर्करोगावरील कोणतेही नवे औषध किंवा तपासणी सिद्ध होत नाही.

शेजारचेच उदाहरण पाहा. १९९९ मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या साथीने एक अभ्यास सुरू केला. विषय होता गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग. ३० ते ५९ वर्षे वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार निरोगी स्त्रिया त्यात होत्या. गावांचे चार गट केले. तीन गटांत तीन निरनिराळ्या तपासण्या झाल्या, चौथ्यात फक्त नेहमीची सोय राहिली. आठ वर्षांनी असे दिसले की, एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू चौथ्या गटाच्या जवळपास निम्मे होते. हा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आज जागतिक आरोग्य संघटना हीच तपासणी सुचवते. हे ज्ञान आपल्या भागातील खेड्यांतल्या बायकांनी जगाला दिले.

मात्र चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणे योग्य होते का, असा प्रश्न पुढे जाणकारांनीच विचारला. म्हणून सहभागी होणाऱ्याने आपले हक्क जाणून घ्यावेत. २०१९ च्या नियमांनुसार औषधाच्या चाचणीची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे. वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार हवा. कागदाची प्रत रुग्णाला द्यावी लागते. चाचणीमुळे अपाय झाल्यास मोफत उपचार व भरपाई मिळते. चाचणीला परवानगी देणाऱ्या नीतिमत्ता समितीत सामान्य नागरिकही असतो.

त्या मुलाला मी चार प्रश्न लिहून दिले: नेहमीचा उपचार कोणता? नव्यात धोका काय? आईला कोणत्या गटात घालणार, हे कोण ठरवणार? मध्येच सोडले तर नेहमीचे उपचार चालू राहतील ना?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेच असले पाहिजे. आपल्या जिल्ह्यात कर्करोगाची भीती घालून गर्भाशये काढल्याच्या तक्रारींची २०१९ मध्ये शासनाला चौकशी करावी लागली. भीतीपोटी केलेली सही आणि समजून केलेली सही यांतला फरक आपल्याला कोणी वेगळा शिकवायला नको.