नाव पडण्यापूर्वी : वादळाच्या मोसमात कोकणच्या बागायतदारांस काही सूचना

वैशाख अर्धा सरला, हापूसच्या पेट्यांची लगबग ओसरू लागली आणि खाडीवरून येणारा वारा तिन्हीसांजेलाही अंगाला चिकटू लागला, म्हणजे रायगडापासून सिंधुदुर्गापर्यंतच्या बागायतदाराच्या मनात पूर्वी एकच काळजी असे, ती मृगाचा पाऊस वेळेवर येतो की नाही याची. आता तिच्या शेजारी दुसरी एक काळजी येऊन बसली आहे. २००९ च्या नोव्हेंबरात फयान, २०२० च्या जूनमध्ये निसर्ग आणि पुढल्याच वर्षीच्या मे महिन्यात तौक्ते अशी तीन वादळे ज्यांनी आपल्या आगरात उभे राहून पाहिली, त्यांना अरबी समुद्र हा बंगालच्या उपसागराच्या मानाने गरीब समुद्र आहे, हे जुने आश्वासन आता पटण्यासारखे राहिलेले नाही. आणि या समुद्रातील वादळांची संख्या व त्यांचा मुक्काम अलीकडच्या दशकांत वाढला असल्याचे पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील संशोधकांनीही दाखवून दिले आहे.

या वादळांचे दोन मोसम आहेत. पहिला एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचा, आणि दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबरचा. समुद्राच्या पृष्ठभागाचे पाणी सुमारे साडेसव्वीस अंश सेल्सियसच्या वर तापलेले असावे, आणि वरच्या व खालच्या थरांतील वाऱ्यांच्या वेगात फारशी तफावत नसावी, या वादळाच्या जन्माच्या दोन मुख्य अटी होत. ऐन पावसाळ्यात पहिली अट पुष्कळदा पुरी होत असूनही दुसरी मोडते, कारण त्या वेळी वर पूर्वेचा आणि खाली पश्चिमेचा वारा जोराने वाहत असल्यामुळे वर चढू पाहणारा मेघस्तंभ मध्येच कापला जातो. म्हणून आषाढ-श्रावणात आपल्याकडे पाऊस उदंड पडला तरी चक्रीवादळ सहसा येत नाही. बागायतदाराच्या दुर्दैवाने जे दोन मोसम उरतात, त्यांपैकी एक आंब्याच्या शेवटच्या काढणीचा व दुसरा गरव्या भाताच्या कापणीचा असतो.

आता नावाविषयी. चक्रीवादळाला इंग्रजीत जो शब्द रूढ आहे, तो कलकत्त्यास सागरी चौकशीच्या कचेरीत काम करणाऱ्या हेन्री पिडिंग्टन नावाच्या एका माजी कप्तानाने १८४८ मध्ये, सापाच्या वेटोळ्याचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून प्रचारात आणला. म्हणजे साऱ्या जगाच्या तोंडी बसलेला हा शब्द आपल्याच देशातील एका दफ्तरात जन्मला आहे. १८६४ च्या वादळाने ते शहर उद्ध्वस्त केले, त्यापाठोपाठ अवर्षणे आली, आणि त्या दोहोंच्या धक्क्यातून १८७५ मध्ये हिंदुस्थान सरकारचे हवामान खाते उभे राहिले. त्या खात्याचे ठाणे १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले, आणि पुणेकर त्या इमारतीला अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, यावरून एखादे नाव लोकांच्या जिभेवर एकदा बसले म्हणजे वस्तुस्थिती बदलली तरी ते उठत नाही, हे दिसून येते.

वादळांना स्वतंत्र नावे देण्याची रीत मात्र आपल्या बाजूच्या समुद्रात २००४ पासूनचीच आहे. अटलांटिकात स्त्रियांची नावे देण्याचा प्रघात १९५३ मध्ये पडला, आणि पंचवीस-सव्वीस वर्षांनी त्यांत पुरुषांचीही नावे आली. त्याच्याही आधी, ऑस्ट्रेलियातील क्लेमंट रॅग नावाचा एक विक्षिप्त हवामानतज्ज्ञ आपल्याला न आवडणाऱ्या राजकारण्यांची नावे वादळांना देत असे, ही गोष्ट वाचताना, आपल्याकडे ती मुभा असती तर यादी किती लांबली असती, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. उत्तर हिंदी महासागरासाठी प्रथम आठ देशांनी मिळून चौसष्ट नावे दिली होती. ती २०२० च्या मे महिन्यात अम्फानबरोबर संपली. तत्पूर्वीच्या एप्रिलमध्ये तेरा देशांची प्रत्येकी तेरा, अशी एकशे एकोणसत्तर नावांची नवी यादी जाहीर झाली होती, आणि तिच्यातले पहिलेच नाव, बांगलादेशाने सुचविलेले ‘निसर्ग’, आपल्या वाट्यास आले. तौक्ते हे नाव म्यानमारचे असून त्याचा अर्थ पालीच्या जातीचा एक मोठ्याने ओरडणारा प्राणी असा आहे. भारताने दिलेल्या नावांत गति, तेज, आग, व्योम, जलधि, वेग अशी नावे आहेत. नाव लहान असावे, कोणत्याही धर्माला वा राजकारणाला लागणारे नसावे, आणि एकदा वापरलेले पुन्हा वापरू नये, असा दंडक आहे.

हे सर्व सांगण्याचे कारण इतकेच, की बागायतदाराने नावाची वाट पाहू नये. वाऱ्याचा सरासरी वेग ताशी ६२ किलोमीटरांपर्यंत चढल्यावरच हवामान खाते नाव देते. त्याच्या खाली, ३१ ते ४९ पर्यंत तीव्र कमी दाबाचे क्षेत्र आणि ५० ते ६१ पर्यंत अतितीव्र कमी दाबाचे क्षेत्र, अशा दोन पायऱ्या निनावीच राहतात. निसर्गाचेच उदाहरण घ्या. १ जून २०२० च्या पहाटे ते तीव्र कमी दाबाचे क्षेत्र झाले, २ जूनच्या दुपारी त्याला नाव मिळाले, आणि ३ जूनला दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ते अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले. बारसे आणि आघात यांच्यामध्ये एकच अहोरात्र गेले, आणि त्यातली रात्र बागेच्या कामाची नव्हे. माडावर चढणारा गडी एका दिवसात किती झाडे करील, कलमांवरचा उरलेला आंबा उतरावयास किती माणसे लागतील, आणि वादळाच्या आदल्या दिवशी ती माणसे आपल्याकडे येतील की स्वतःच्या घराची कौले सावरतील, याचा हिशेब ज्याने केला असेल त्याला माझे म्हणणे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. लक्षद्वीपच्या बाजूला आग्नेय अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र झाल्याचे पत्रक निघाले, की त्याच दिवशी कामाला हात घालावा; दहांतली काही क्षेत्रे ओमानकडे निघून जातील किंवा समुद्रातच विरतील, आणि गड्यांची मजुरी फुकट गेली असे वाटेल, परंतु सुकी झावळे व तयार नारळ उतरविणे हे काम कोणत्याही परिस्थितीत वाया जात नाही.

पत्रक वाचण्याचीही एक रीत आहे. नकाशावर वादळाच्या मार्गाची जी रेघ काढलेली असते तिच्याकडे सगळ्यांचे डोळे लागतात, आणि रेघ आपल्या तालुक्यावरून जात नाही असे दिसले की लोक निर्धास्त होतात. वास्तविक पाहावयाचे ते त्या रेघेभोवतीच्या रुंदावत जाणाऱ्या शंकूकडे. चोवीस तास आधी वर्तविलेल्या केंद्राच्या जागेत सरासरीने पाऊणशे किलोमीटरांच्या आसपास चूक होऊ शकते, आणि अलिबागपासून श्रीवर्धन सरळ रेषेत जवळपास तेवढेच दूर आहे. हा खात्याचा दोष मानू नये. तीन दिवस आधीच्या अंदाजात ही चूक त्याच्या दुपटीपर्यंत जाते, आणि दोन पिढ्यांपूर्वी एवढीही अचूकता कोणाला स्वप्नात दिसली नसती. दुसरे असे, की आपल्या गोलार्धात वादळ ज्या दिशेने चालले असेल तिच्या उजव्या हाताला वारा अधिक जोराचा असतो, कारण तेथे वादळाचे भ्रमण आणि त्याची चाल यांची बेरीज होते. ईशान्येकडे सरकणारे वादळ कोकण किनाऱ्यास भिडले तर ही उजवी बाजू दक्षिणेकडे पडते. मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर आणि पलीकडे मंडणगड-दापोलीच्या वाड्यांना निसर्गाने जे झोडपले त्याचे कारण यात सापडते. म्हणून केंद्र आपल्या उत्तरेस चढणार अशी वार्ता आली तर ‘आपण सुटलो’ असे म्हणू नये.

वाऱ्याचा वेग दुपटीने वाढला म्हणजे झाडावरील दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो, हेही ध्यानात ठेवावे. ताशी साठाचा वारा सोसणारे झाड एकशेवीसच्या वाऱ्यात निम्म्या धैर्याने उभे राहील अशी आशा करणे म्हणजे गणिताशी वैर करणे होय. पावसाचे आकडे मिलिमीटरांत येतात आणि ते मनाला भिडत नाहीत, म्हणून ते गुंठ्यात उतरवून पाहावेत : शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक गुंठ्यावर सुमारे दहा हजार लिटर पाणी. एवढे पाणी बागेतून बाहेर जाण्यास वाट आहे काय, हा प्रश्न पत्रक हाती येण्यापूर्वी, चर आणि पाणंदीकाठचे पाट स्वतः फिरून पाहूनच सुटतो.

वीज आणि मोबाइल दोन्ही बंद पडले, तर एकोणिसाव्या शतकातील एका डच शास्त्रज्ञाने घालून दिलेला नियम उपयोगी पडेल. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे. कमी दाबाचे केंद्र साधारणपणे आपल्या डाव्या हाताला, किंचित पुढे असते. वारा पूर्वेकडून दक्षिणेकडे फिरत गेला तर केंद्र आपल्या पश्चिमेकडून समुद्रातून उत्तरेस सरकत आहे असे समजावे. वाऱ्याची दिशा न बदलता जोर मात्र वाढतच असेल, तर केंद्र आपल्याच रोखाने येत आहे, आणि तेव्हा बागेत थांबण्याचे काहीही प्रयोजन नाही. मध्येच सारे शांत होऊन आभाळ उजळले, तर ती उघडीप नव्हे, वादळाचा डोळा आपल्यावरून जात आहे. थोड्याच वेळात वारा उलट दिशेने तितक्याच वेगाने सुटतो, आणि पहिल्या झोतात कललेली झाडे तो उलट बाजूस उन्मळून टाकतो. पुष्कळ माणसे याच अर्ध्या-पाऊण तासात पडवीबाहेर पडतात.

बंदरावर जो बावटा लागतो त्याची भाषा कोळीबांधवांना मुखपाठ असते, बागायतदारांना नसते. एक ते अकरा असे त्याचे आकडे आहेत. तीन नंबरचा बावटा सावधगिरीचा, दहाचा महासंकटाचा, आणि अकराचा म्हणजे हवामान कचेरीशी संपर्कच तुटल्याचा.

आता बागेकडे वळू. हापूसचे फळ चौदा आणे तयार झाले असेल तर झाडावर ठेवून दर चढण्याची वाट पाहणे या मोसमात शहाणपणाचे नव्हे. झेल्याने देठासह उतरवावे, आणि ओले फळ अढीत घालू नये. पोफळीचे मूळ उथळ आणि खोड सडपातळ, त्यामुळे वाऱ्याला ती सर्वांत आधी बळी पडते. तिला वाचविण्याचा खरा उपाय वादळाच्या आदल्या दिवशी करता येत नाही, तो वाडीच्या पश्चिमेस व दक्षिणेस उंडी, सुरू यांसारख्या झाडांची दाट रांग दहा वर्षे आधी लावण्यात आहे, आणि ज्याने ती लावलेली नाही त्याने निदान या पावसाळ्यात लावावी. नवे पोफळीचे रोप फळास येण्यास पाच-सात वर्षे लागतात, तेव्हा रांगेचा खर्च हा खर्च मानू नये. माडाची पिकलेली पेंड आणि वाळलेली झावळे उतरवावीत, पण हिरवी झावळे झोडून माड भुंडा करू नये. केळीला बांबूचा आधार द्यावा, तयार घड काढून घ्यावा. पंपाची मोटार, खताची पोती व बियाणे उंच जागी हलवावे, आणि मांगरावरचे पत्रे दोरखंडाने बांधावे, कारण सुटलेला पत्रा माणसाला कापतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या मोसमात हळवे भात कापून आडवे पडले असेल तर ते भिजण्याआधी उडवीत रचून झाकावे. गरवे उभे असेल तर खाचरातले पाणी बांध फोडून काढून टाकावे.

वादळ सरल्यावर पहिले काम कुऱ्हाडीचे नव्हे, वहीचे आहे. पडलेले झाड तोडण्यापूर्वी त्याची मोजणी करावी, गट नंबरासह छायाचित्र घ्यावे, आणि तलाठ्याकडे अर्ज देऊन पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी. सातबाऱ्यावर फळझाडांची नोंद नसल्यामुळे पंचनाम्यात झाड असूनही ते कागदावर नसते, हा प्रकार अनेकांनी अनुभवला आहे, तेव्हा ती नोंद आताच, कोरड्या दिवसांत, तपासून घ्यावी. विमा उतरविला असल्यास हानीची खबर किती मुदतीत द्यावयाची ते पॉलिसीतील अटींत पाहून ठेवावे.

त्यानंतर झाडांचा विचार. लहान कलम मुळासकट कलले असेल आणि मुळांचा अर्धा भाग मातीत शाबूत असेल, तर उघडी मुळे ओल्या गोणपाटाने झाकून, फांद्यांचा भार कमी करून ते दोन-चार दिवसांच्या आत उभे करावे, आधार द्यावा आणि कापलेल्या जागी बोर्डो मलम लावावे. जुनी मोठी झाडे उभी करण्याचा हट्ट सहसा फळत नाही. पडलेल्या माडाची खोडे वाडीत कुजत ठेवू नयेत, कारण गेंड्या भुंग्याची वीण त्यांतच वाढते, आणि वाचलेल्या माडांच्या जखमांकडे सोंड्या भुंगाही याच सुमारास धाव घेतो. खारे पाणी खाचरात शिरले असेल तर पहिल्या जोराच्या पावसाचे पाणी साठवून ते एक-दोनदा बाहेर सोडावे, आणि तोपर्यंत खत घालू नये.

राहिली गोष्ट पेरणीची. मे महिन्याच्या अखेरीस वादळाने चार दिवस पाऊस पाडला, की जमीन ओली होते, राब तयारच असतो, आणि हात शिवशिवू लागतात. पण वादळ कधी कधी मोसमी वाऱ्याची ओल आपल्याबरोबर ओढून नेते आणि मागे कोरडे दिवस ठेवते. २०२३ च्या जूनमध्ये अरबी समुद्रात जन्मलेले बिपरजॉय तेरा दिवस टिकले; त्या वर्षी मोसमी पाऊस ११ जूनला रत्नागिरीपर्यंत आला आणि तेथेच अडकून पडला, मुंबईस तो पोहोचला २५ जूनला. म्हणून वादळाचा पाऊस मृगाचा समजून बियाणे मोकळे करू नये. खात्याने आपल्या जिल्ह्यात मोसमी वारे दाखल झाल्याचे जाहीर करीपर्यंत ते कणगीतच असू द्यावे.