स्टिअरिंगचा आवाज केव्हा येतो?

माझी पिकअप चौदा वर्षांची. लोह्याहून लातूरला सोयाबीनचे कट्टे न्यायचे आणि येताना खत, ढेप मिळेल ते भाडं आणायचं, हे तिचं काम. दोन वर्षांपूर्वी पावसाळा सरता सरता तिच्या स्टिअरिंगमधून आवाज यायला लागला. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं की खट्, खड्ड्यात आदळली की खडखड. गाडी चालत होती, म्हणून मी चालवत राहिलो.

एका गॅरेजवाल्याने आधी पॉवर स्टिअरिंगचं ऑइल भरलं, मग पंपच बदलला. तीन कट्ट्यांचे पैसे गेले, आवाज तिथंच. तो केव्हा येतो हे त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरलेली. लातूरहून रिकामी गाडी घेऊन मी आणि धाकटा भाऊ परत येत होतो. दिवेलागणीची वेळ. गर्दी बघून वेग कमी केला आणि गाडी रस्त्याखाली घेतली. तेवढ्यात मोठा खट्‌कन आवाज झाला, स्टिअरिंग हातात हलकं पडलं आणि डावं चाक बाहेर तोंड करून तिरपं झालं. गाडी थांबली तिथून दोन हातांवर घोडेवाल्यांची राहुटी होती, आत लेकरं जेवत होती. दहाच मिनिटं आधी आम्ही सत्तरच्या वेगात होतो.

एक म्हातारे मिस्त्री बॅटरी घेऊन खाली शिरले. टाय रॉडचा एंड निसटला होता. त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. रबराचा बूट फाटलेला, आत काळी माती वाळून घट्ट बसलेली, ग्रीसचा मागमूस नाही. गोळी वाटीत खुळखुळत होती. "मालक, हा कवापासून वरडतोय," एवढंच ते म्हणाले.

तेव्हापासून मी आवाज ऐकला की आधी वेळ बघतो. तुम्हीही बघा.

उभ्या गाडीत किंवा खड्ड्यात खट्-खट् होत असेल तर टाय रॉड एंड, बॉल जॉइंट किंवा स्टिअरिंगच्या दांड्याचा क्रॉस तपासा. स्टिअरिंग फिरवताना घूंऽ असा आवाज येत असेल तर ऑइल कमी आहे किंवा त्यात हवा शिरली आहे. नुसतं ऑइल भरून भागत नाही, गळती शोधा. पूर्ण वळवल्यावर थोडा आवाज येतोच, पण तसं पाच सेकंदांहून जास्त धरून ठेवू नका, पंपावर ताण येतो. सकाळी गाडी चालू करताना किंवा वळवताना किंचाळल्यासारखं वाजलं तर पट्टा ढिला किंवा झिजलेला असतो. वेगाबरोबर गुणगुण वाढत असेल आणि गाडी एका बाजूला झुकवल्यावर बदलत असेल, तर चाकाचं बेरिंग बघा.

तपासायला दोन माणसं लागतात. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. इंजिन बंद, स्टिअरिंगचं लॉक उघडं. एकानं स्टिअरिंग बोटभर डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्यानं एकेका जोडावर हात ठेवायचा. जिथं हाताला ठोका लागतो, तिथं प्ले आहे. मग पुढचं चाक उचलून स्टँडवर घ्या. टायर डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवा. हललं तर टाय रॉडचा संशय घ्या. वर-खाली धरून हललं तर बेरिंग किंवा बॉल जॉइंट. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नका.

एंड बदलला की स्प्लिट पिन नवीच घाला आणि अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर टायर एका कडेनं खातो. आपल्या काळ्या मातीत रबरी बूट दर पावसाळ्यानंतर बघायलाच हवेत. फाटका दिसला तर आवाज येण्याची वाट बघू नका. आणि प्ले स्पष्ट जाणवला, तर गाडी मिस्त्रीकडे नेऊ नका, मिस्त्रीला गाडीकडे आणा.

तो झिजलेला एंड मी फेकलेला नाही. गाडी शिकायला येणाऱ्या पोराच्या हातात आधी तोच देतो आणि हलवून बघायला सांगतो. ती खुळखुळ एकदा हाताला कळली की पुन्हा विसरत नाही.